माहिती जुळत नाही

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ९

आजपासून रोजनिशी. कारण एकच. परक्या देशात पुरावा लागतो. काय झालं, किती वाजता झालं, कोण काय म्हणालं, सगळं लेखी असलेलं बरं. उद्या कुणी म्हणालं की तुम्ही असं बोललाच नव्हता, तर वही समोर ठेवायची.

परिस्थिती अशी. इथे येऊन साडेतीन महिने झाले. वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. काटा तयार झाला की माझ्या टेबलावर येतो. मी त्यावर प्रमाणित वजनं ठेवतो आणि पास किंवा नापास करतो. अख्ख्या विभागात सगळ्यात जास्त नापास माझ्या टेबलावर होतात. याबद्दल मला अभिमान आहे, बाकीच्यांना पोटदुखी.

बायको अजून तिकडेच. तिचा इथे येण्याचा अर्ज परवानगी ऑफिसात पोचलाय. सगळे कागद तिने स्वतः लावले. आता एकच रकाना रिकामा आहे, नवऱ्याचा इथला फोन नंबर. तो नवऱ्याच्याच नावावर हवा, शेजाऱ्याचा चालत नाही. चोवीस तारखेपर्यंत भरायचा. मग ऑफिसातून मला फोन येणार, चार प्रश्न विचारणार, आणि परवानगी. चोवीस चुकली की पुढची पाळी एप्रिलमध्ये. ही दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर नोकरीला आहे. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय म्हणते.

इथला नंबर मी आजवर मुद्दामच घेतला नव्हता. नंबर घेतला की माणूस सापडतो. घरमालकिणीच्या वायफायवर माझं भागत होतं. पण आता हिच्यासाठी घेणं आलं.

टेलिफोन कंपनीच्या वेबसाइटवर लिहिलंय, दहा मिनिटांत घरबसल्या कनेक्शन. दहा मिनिटांत काम करून देतो म्हणणाऱ्याचा हेतू आधी तपासावा लागतो. तरी दुपारी उरकून टाकतो. वीस दिवस हातात आहेत, म्हणजे एकोणीस शिल्लक राहणार.

दुपारी ४.२०

फॉर्म उघडला. काय काय विचारतात. जन्मतारीख, कार्ड नंबर, मजला, खोली, विवाहित की अविवाहित, घरात माणसं किती. लग्न ठरवताना सासऱ्यांनीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती.

माझी जुनी पद्धत वापरली. तिकडच्या ऑफिसात वजनांची पेटी बंद करताना मी प्रत्येक वजन जरासं वेगळ्या कोनात फिरवून ठेवायचो. कुणी हात लावला की सकाळी मला कळायचं. इथेही तेच. प्रत्येक ठिकाणी एखादी छोटी गोष्ट वेगळी द्यायची. कारखान्याला डाव्याऐवजी उजवा जिना सांगितलाय. बँकेला आईचं नाव म्हणून मावशीचं दिलंय. टेलिफोन कंपनीला जन्मतारीख एक दिवस पुढची, खोली ३ ऐवजी ३अ, आणि अविवाहित. उद्या कुणी येऊन म्हणालं, ३अ मधले अविवाहित गृहस्थ आपणच का, तर माहिती कुठून फुटली ते जागच्या जागी कळेल.

कुठे काय दिलं याची यादी केलेली नाही. लिहिलं की सापडतं. सगळं डोक्यात आहे.

सबमिट केलं. लाल अक्षरांत उत्तर आलं: माहिती जुळत नाही.

कशाशी जुळत नाही हे सांगायला तयार नाहीत. लपवाछपवी पहिल्या दिवसापासून.

५ ऑक्टोबर, रविवार

हिला व्हिडिओ कॉल केला. मेहुणा मध्येच डोकावला. मी इकडे आल्यापासून तो बहिणीला सोबत म्हणून तिकडे राहतोय. माझ्या खुर्चीत बसला होता. म्हणाला, भावोजी, कार्डावर आहे तसंच्या तसं लिहा, पाच मिनिटांचं काम आहे.

याला एवढी घाई का? मी म्हणालो, तुझा सल्ला विचारला की दे. ही म्हणाली, अहो, बरोबरच सांगतोय तो. बहीण-भाऊ एक झाले.

संकल्प: फोनच्या बाबतीत यापुढे सासरचा सल्ला बंद.

६ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी ७

आज कार्डाचा फोटो पाठवायचा होता. कोरी प्रत कुणाच्या हातात द्यायची नाही हा माझा तीस वर्षांचा नियम आहे. कारखान्यातून झेरॉक्स काढून आणली. तिच्यावर दोन तिरक्या रेघा मारल्या, मधोमध लिहिलं, 'फक्त टेलिफोन कनेक्शनसाठी', आणि सही अशी केली की अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर. खाली तारीख आणि वेळ. मग त्या प्रतीचा फोटो काढून पाठवला.

उत्तर: कार्ड खराब आहे किंवा त्यात फेरफार झाला आहे.

म्हणजे माणसाने सही केली की फेरफार. इथे स्वसाक्षांकित प्रत हा प्रकारच कुणाला माहीत नसावा. या देशात व्यवहार चालतात तरी कसे?

मग मूळ कार्डाचा फोटो दिला, पण शेवटच्या चार आकड्यांवर अंगठा ठेवून. उत्तर: अंगठा काढा. अंगठा काढला आणि करंगळी ठेवली. तेही कळलं त्यांना. शेवटी पूर्ण फोटो दिला. कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक टिंब करून ठेवलंय, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. फोटो स्वीकारला.

एक पायरी माझी. स्वतःला शाबासकी.

८ ऑक्टोबर, बुधवार

आता चेहरा. लॅपटॉपसमोर बसा, मान डावीकडे वळवा, उजवीकडे वळवा, डोळे मिचकवा. पलीकडे कोण बसलंय ते दिसत नाही. मी आधी पडदे लावून घेतले, मागची भिंत दिसू नये म्हणून कपाटावर चादर टाकली. उत्तर: प्रकाश अपुरा. दिवा लावला. उत्तर: चेहरा सापडला नाही. टोपी काढली. चेहरा सापडला, पण डोळे मिचकवा हे पालुपद सुरूच. मी मिचकवत होतो. मिचकवत होतोच. पाचव्या वेळी घरमालकीण वायफायचा डबा बघायला दार ढकलून आत आली. अंधारी खोली, कपाटाला चादर, आणि मी लॅपटॉपला डोळा मारतोय. आल्या पावली परत गेली.

बाई विनाकारण आली असेल असं वाटत नाही. वायफायचा डबा चांगला चालला होता.

चेहरा मंजूर. जन्मतारीख अजून जुळत नाही म्हणतात, ते तात्पुरतं बाजूला ठेवलंय, पुढे बघू म्हणतात.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज हद्द झाली. शेवटच्या पानावर लिहून आलं, तुमच्या मोबाइलवर सहा आकडी कोड पाठवला आहे, तो इथे भरा.

कुठल्या मोबाइलवर? मोबाइल नाही म्हणून तर अर्ज करतोय. ज्या विहिरीचं पाणी हवं तिच्यातूनच बादली भरून आणा म्हणायचा प्रकार.

खाली बारीक अक्षरांत दुसरा मार्ग होता. कोड टपालाने मागवता येतो, पाच दिवस. बारीक अक्षरं मी कधीच सोडत नाही. टपाल निवडलं. चौदा तारखेला कोड, पंधराला फोन. अजून नऊ दिवस शिल्लक राहतात.

हिला सांगितलं, झालंच समज. खूश झाली. कपाट आवरायला घेतलंय म्हणाली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. जेवणाच्या सुट्टीत

शेजारच्या टेबलावर एकजण बसतो. त्याचं नाव मी हसरा ठेवलंय. काटा पास झाला तरी हसतो, नापास झाला तरी हसतो. आज विचारलं, काय, फोनचं झालं का? मी याला फोनचं कधी सांगितलं होतं? सांगितलं असेन. म्हणाला, उगाच ऑनलाइन भानगडीत पडू नका, चौकातल्या दुकानात काउंटर आहे, कार्ड घेऊन चला, मी येतो बरोबर, चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात हातात सिम.

मी म्हणालो, बघतो.

याला माझ्याबरोबर यायची एवढी हौस का? दुकानदार ओळखीचा असणार. त्यात याचं काय ते ठरलेलं असणार. माणूस फुकट हसत नाही.

संध्याकाळी वेबसाइटवर चॅट उघडून जन्मतारखेचा विषय काढला. पलीकडचा स्वतःला सहायक म्हणवतो. माणूस आहे की मशीन ते आधी तपासायला हवं. सतराला तेविसाने गुणायला सांगितलं. ताबडतोब ३९१ आलं. माणूस असता तर चिडला असता. म्हणजे मशीन. तरी मी त्याला त्याच्या साहेबांचं नाव विचारलं. म्हणाला, गैरसोयीबद्दल क्षमस्व. सहा वेळा क्षमस्व म्हणाला. एवढी क्षमा मागणाऱ्याने काहीतरी केलेलं असतंच. सगळं वहीत उतरवून घेतोय असं मी लिहिलं, तर चॅट बंद झाला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कोड आला नाही.

तळमजल्यावर टपालाची एकच सामाईक पेटी आहे आणि तिची किल्ली घरमालकिणीकडे असते. अधिक काय लिहू?

१५ ऑक्टोबर, बुधवार

कारखान्यातून अर्धा दिवस रजा घेतली. जिन्याच्या आठव्या पायरीवर बसून पेटीवर लक्ष ठेवलं. दुपारी दोन ते साडेचार. दोन पन्नासला घरमालकीण बाहेर आली, पेटी उघडली, पाकिटं काढली, वर बघितलं. मला बघून म्हणाली, पायरी गार आहे, बसू नका. आत गेली आणि खुर्ची आणून दिली. तुमचं काही टपाल नाही म्हणाली, मी न विचारता.

अपराधी माणूस असाच वागतो. खुर्ची मात्र बरी होती.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज पोस्टमनलाच गाठलं. तो म्हणाला, हो, परवा आलं होतं एक पाकीट, खोली ३अ. इथे ३अ नाहीच, म्हणून परत पाठवलं.

म्हणजे सापळा बरोबर चालला. कंपनीने पत्ता जसाच्या तसा वापरला हे सिद्ध झालं. घरमालकीण या एका बाबतीत निर्दोष. तसं तिला सांगितलं. कशाबद्दल निर्दोष, असं विचारत होती. मी विषय वाढवला नाही.

हिला सगळं सविस्तर सांगितलं. सापळ्याचं कौतुक करेल असं वाटलं होतं. म्हणाली, अहो, पत्ता तुम्हीच चुकीचा दिलात, म्हणून पत्र आलं नाही, यात कोण सापडलं? मी म्हणालो, हे जरा बारीक आहे, फोनवर समजावता यायचं नाही. म्हणाली, आठ दिवस राहिलेत. ते मलाही मोजता येतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

नव्याने अर्ज. या वेळी खोली ३ लिहिली, तेवढा मोठेपणा दाखवला. जन्मतारीख मात्र ठेवली तशीच. एकदम सगळं खरं दिलं तर आधीचं खोटं होतं असं त्यांना वाटेल.

उत्तर: तीन वेळा माहिती न जुळल्यामुळे खातं बहात्तर तासांसाठी बंद.

हसऱ्याने पुन्हा विचारलं, चलायचं का काउंटरवर? दुसऱ्यांदा विचारतोय. याचीही नोंद असू दे.

१९ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी. खातं बंद. करण्यासारखं काही नाही.

खरं लिहायचं तर हिची फार आठवण येते. चार महिन्यांत इथे घरी कुणाशी दोन वाक्यांच्या वर बोललो नाही. कामावर दिवसभर काटे आणि वजनं. वजनं हातमोजे घालून, चिमट्याने उचलायची. बोटाचा नुसता घाम लागला तरी वजन बदलतं. घरी आल्यावर काही वेळ मी चहाचा कपही तसाच दोन बोटांनी धरतो. ही असती तर हसली असती.

ती आली की खिडकीकडची बाजू तिची. आजच पलंग सरकवून ठेवला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

खातं उघडलं. आत जाण्यासाठी सुरक्षा प्रश्न: तुमच्या पहिल्या शाळेचं नाव. पहिल्या दिवशी मी अर्थातच खोटं उत्तर दिलं होतं. काय दिलं होतं ते आठवेना. मोठ्या भावाच्या शाळेचं टाकलं. चूक. हिच्या शाळेचं टाकलं. चूक. शेवटी माझ्या खऱ्या शाळेचं टाकलं. तेही चूक.

माझी पद्धत किती पक्की आहे बघा. मलासुद्धा आत जाता आलं नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

रात्रभर विचार केला होता, तो आज सकाळी पक्का झाला. कंपनी, सहायक आणि तो चौकातला दुकानदार, सगळे मिळालेले आहेत. वेबसाइटवर माणसाला मुद्दाम दमवायचं, म्हणजे तो आपण होऊन काउंटरवर जाईल. हसरा हा त्यांचा इथला माणूस. सगळं जुळतं. जुळत नाही ती फक्त माझी माहिती.

हिला सांगितलं. म्हणाली, उद्या त्या हसऱ्या माणसाबरोबर दुकानात जा. कोण कुणाला मिळालेलं असायचं ते असू दे. मला तुमच्याजवळ यायचंय, एवढंच कळतं.

कार्ड काढून उद्याच्या शर्टाच्या खिशात ठेवलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी ६

फोन घेतला.

हसरा बरोबर होता. काउंटरवरच्या मुलीने कार्ड बघितलं, माझं तोंड बघितलं, काहीतरी टाइप केलं आणि सिम दिलं. अकरा मिनिटं, त्यातली चार मी तिला उलट प्रश्न विचारण्यात घालवली. जन्मतारीख तिने विचारलीच नाही, कार्डावरून वाचून घेतली. मला सापळा लावायला जागाच राहिली नाही.

एवढं सोपं कसं झालं, याचा घरी येताना विचार केला. कारण उघड आहे. वीस दिवस मी ऑनलाइन जो दबाव ठेवला होता त्यामुळे वरून आदेश आले असणार. हसऱ्याला काही मागतोस का विचारलं. म्हणाला, वहिनी आल्या की चहा पाजा.

बघू. माणूस इतका साधा नसतो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी साडेआठला हिच्या अर्जात नंबर भरला. शेवटच्या दिवशी, पण वेळेत. असं काम ऐन वेळीच करावं, म्हणजे गडबड करायला कुणाला सवड मिळत नाही. पानावर आलं: पाच कामकाजी दिवसांत कार्यालयातून फोन येईल.

हिने आनंदाने दोनदा विचारलं, नक्की ना, नक्की ना? म्हणाली, फोन आला की शांतपणे उत्तरं द्या, ते काही तुमची परीक्षा घेत नाहीयेत. मी म्हणालो, मी आयुष्यभर दुसऱ्यांची परीक्षा घेतली आहे.

नव्या फोनसाठी नियम ठरवले. अनोळखी नंबर असेल तर आधी समोरच्याने ओळख पटवायची. आपण होऊन काही खरं सांगायचं नाही. गोड आवाजावर विश्वास नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी १२

विजय. तपशील लगेच लिहितोय.

सकाळी अकरा दहाला अनोळखी नंबरवरून फोन. बाईचा आवाज, अतिशय गोड. म्हणे परवानगी कार्यालयातून बोलतेय. मी ताबडतोब सावध झालो. कारणं तीन. एक, पाच दिवस सांगितले होते आणि हा दुसराच कामकाजाचा दिवस. कुठलंही सरकारी ऑफिस वेळेच्या आधी फोन करत नाही. दोन, तीस वर्षांत कुठल्याही ऑफिसातलं माणूस माझ्याशी इतकं गोड बोललेलं नाही. तीन, बाईला सगळं आधीच माहीत होतं, माझं नाव, खोली, हिचं नावसुद्धा. ज्याला सगळं माहीत आहे तो विचारतो कशाला?

जन्मतारीख विचारली. मी एक दिवस पुढची दिली. जिना विचारला. उजवा म्हणालो. मग मूळ मुद्द्यावर आली, अमुक नावाची अर्जदार बाई तुमची पत्नी आहे ना? घरातल्या बाईमाणसाची माहिती काढायचा हा जुना प्रकार. मी शांतपणे सांगितलं, या नावाची कुठलीही बाई मला माहीत नाही. मी अविवाहित आहे.

तिने पुन्हा विचारलं, आपली खात्री आहे का? हे संभाषण नोंदवलं जातंय. मी म्हणालो, जरूर नोंदवा, माझ्याकडेही वही आहे. आभार मानून फोन ठेवला. पळून गेली म्हणायचं.

चौदा मिनिटं. आवाज एकदाही चढवला नाही. हिला संध्याकाळी सांगेन, घरात कसा माणूस आहे ते कळू दे.

संध्याकाळी ७

हिची दुपारची पाळी, फोन लागला नाही. उद्या सांगतो.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

हसऱ्याला कालची हकिकत सांगितली. सुरुवातीला नेहमीसारखा हसत ऐकत होता. अविवाहित म्हणालो तिथे हसायचा थांबला. या माणसाचा चेहरा न हसता कसा दिसतो ते आज पहिल्यांदा बघितलं. म्हणाला, तो नंबर दाखवा. दाखवला. म्हणाला, आत्ताच्या आत्ता उलटा फोन लावा.

जळतो. आपली टोळी पकडली गेली की माणूस असाच गडबडतो.

तरी जेवणाच्या सुट्टीत लावला, नुसता बघावा म्हणून. परवानगी कार्यालयात आपलं स्वागत आहे, असं रेकॉर्डिंग लागलं. रेकॉर्डिंग कुणीही करू शकतो.

तीन काटे नापास केले. नंतर बघितलं तर तिन्ही बरोबर होते.

हिचा मेसेज आला आहे. अर्जाच्या पानावर 'फेरतपासणी' दिसतंय, याचा अर्थ काय? मी लिहिलं, चांगलाच असणार. घटनेचं अजून काही कळवलेलं नाही. एवढ्यात कशाला?

२९ ऑक्टोबर, बुधवार

निकाल आला. पत्र हिला ईमेलने आलं, तिने ते मला पुढे पाठवलं.

अर्ज नामंजूर. कारण: पतीची जन्मतारीख व पत्ता नोंदीशी जुळत नाही. पतीने अर्जदाराशी असलेलं नातं नाकारलं. खात्रीसाठी दुसऱ्यांदा विचारूनही उत्तर कायम.

सकाळपासून परवानगी कार्यालयाला अकरा वेळा फोन केला. त्या बाईशी बोलायचं म्हणालो. कुठल्या बाईशी, ते सांगता येईना. ज्याने उचलला त्याने ओळख पटवायला जन्मतारीख विचारली. मी खरी सांगितली. म्हणाला, नोंदवलेल्या संभाषणाशी जुळत नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

हिच्याशी बोललो. मेहुणा शेजारी होता, तो उठून आत गेला. या वेळी त्याचा राग आला नाही.

मी सगळं सांगितलं. सुरक्षेसाठीच केलं, तुझ्याच सुरक्षेसाठी, हेही सांगितलं. ही रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, पहिल्यांदा विचारलं तेव्हा फसवणूक वाटली, समजू शकते. पण दुसऱ्यांदा विचारलं, खात्री आहे का म्हणून, तेव्हा तरी?

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला आपण जिंकतोय असं वाटत होतं, एवढंच आठवतं. हे तिला सांगितलं नाही. इथे लिहितोय.

म्हणाली, एकवीस वर्षं झाली लग्नाला, आणि हे पत्र मला दवाखान्यात खिडकीवर उभं राहून वाचावं लागलं. सकाळची ड्यूटी आहे म्हणाली आणि फोन ठेवला.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. संध्याकाळी ६.३०

एप्रिलच्या पाळीसाठी नवीन अर्ज आजच उघडला. हसरा शेजारी बसला होता. मीच बोलावलं.

सगळं खरं लिहिलं. जन्मतारीख, खोली, जिना, आईचं नाव. अर्जदाराशी नातं या रकान्यात 'पती' लिहिलं. चार वेळा तपासलं. एका फटक्यात स्वीकारला.

दुसरा भाग अर्जदाराने भरायचा असतो, त्यावर सही तिची लागते. तो हिला पाठवला आणि फोन करून विचारलं, कधी भरतेस?

विचार करून सांगते म्हणाली.